मंच सोडला, तबकडी धरली : फ्रान्स्वाझ आर्दीचं प्रकरण

१९६८ साली फ्रेंच गायिका फ्रान्स्वाझ आर्दी चोवीस वर्षांची होती. पाको राबान नावाच्या फॅशनकारानं सोन्याच्या पत्र्या जोडून केलेला, अंगावर पेलवणार नाही इतका जड झगा घालून तिनं त्या वर्षी छायाचित्रं काढून घेतली. त्याच वर्षी सर्ज गेन्सबूर या फ्रेंच गीतकाराचे शब्द असलेलं तिचं ‘कोमां त दिर आद्यो’ बाजारात आलं. तुझा निरोप कसा घेऊ, असा त्याचा अर्थ. गाणं गाजलं. आणि त्याच वर्षी तिनं प्रेक्षकांसमोर गाणं बंद केलं.

बंद म्हणजे खरोखर बंद. मधूनमधून टीव्हीवर दिसणं, रेडिओवर बोलणं चालू राहिलं. पण गावोगावचे दौरे, पॅरिसच्या ऑलिंपियासारखी नाट्यगृहं, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातले कार्यक्रम, हे सगळं संपलं. त्यानंतर २०१८ पर्यंत ती फक्त तबकड्या काढत राहिली. दुकानाचं दार लावून घ्यायचं आणि माल तेवढा टपालानं पाठवत राहायचं, असा हा पन्नास वर्षांचा व्यवहार. तो कसा चालला, त्यानं तिच्या गाण्याचं काय केलं आणि त्याची किंमत काय पडली, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी नावाचं. फ्रेंचमध्ये ‘ह’ उच्चारत नाहीत, म्हणून आर्दी. इंग्लंडात तिला हार्डी म्हणत आणि आपल्याकडेही बरेच जण तसंच म्हणतात. काही बिघडत नाही.

पहिली चार गाणी

जन्म १७ जानेवारी १९४४ चा, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये. आई मादलेन हिशेबनीस कार्यालयात नोकरी करायची. वडील वयानं बरेच मोठे, आधीच लग्न झालेले. ते क्वचित घरी यायचे आणि मुलींच्या शाळेची फी वेळेवर द्यायचेच असं नाही. फ्रान्स्वाझ आणि तिच्याहून दीडेक वर्षानं लहान बहीण मिशेल नन्सच्या शाळेत शिकल्या. अशा घरातली मुलगी त्या काळात चारचौघींत कानकोंडी व्हायचीच. आजी तिला तू कुरूप आहेस असं ऐकवायची, हे तिनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. ज्या चेहऱ्यासाठी पुढे युरोपभरची मासिकं रांगेत उभी राहिली, त्या चेहऱ्याबद्दल घरात हे मत होतं.

सोळाव्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्याबद्दल बक्षीस म्हणून तिनं गिटार मागितली. रात्री रेडिओ लक्झेंबर्गवर इंग्रजी गाणी लागायची. ती ऐकत तिनं स्वतःच चाली जुळवायला सुरुवात केली. येत होत्या त्या तीन-चार कॉर्ड. नाव सॉर्बोनमध्ये जर्मनच्या वर्गात होतं, जीव गिटारीत. एक-दोन कंपन्यांत आवाज देऊन पाहिला आणि १४ नोव्हेंबर १९६१ ला व्होग या रेकॉर्ड कंपनीनं तिच्याशी करार केला. जॉनी आलिदे हा व्होगचा हुकमी एक्का नुकताच दुसऱ्या कंपनीत गेला होता आणि नव्या पिढीला विकता येईल असा चेहरा कंपनीला हवाच होता.

इथं फ्रान्समधल्या त्या काळच्या बाजाराची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तिथं एका बाजूला एक गाणं असलेली छोटी तबकडी फारशी चालत नसे. चालायची ती चार गाण्यांची, जाड पुठ्ठ्याच्या रंगीत वेष्टनातली, ४५ फेऱ्यांची तबकडी. चारांतलं एक कंपनीच्या भरवशाचं, उरलेली तीन भरतीची. १९६२ च्या तिच्या पहिल्या तबकडीत कंपनीचा भरवसा ‘ओ ओ शेरी’ या अमेरिकी गाण्याच्या फ्रेंच अवतारावर होता. भरतीची तीन गाणी तिची स्वतःची होती. त्यांतलंच एक ‘तू ले गार्सों ए ले फीय’. माझ्या वयाची सगळी मुलंमुली जोडीजोडीनं हातात हात घालून फिरताहेत, मी एकटीच चालले आहे, एवढाच मजकूर. चाल सरळ, जवळजवळ शाळेतल्या प्रार्थनेसारखी.

२८ ऑक्टोबर १९६२ ला फ्रान्समध्ये सार्वमत होतं. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेनं निवडावा की नाही, हा द गॉल यांनी मांडलेला प्रश्न. संध्याकाळी देश टीव्हीसमोर निकालाची वाट पाहत बसलेला, आणि तेव्हा फ्रान्सला वाहिनी एकच होती. आकडे यायच्या मधल्या वेळात ही उंच, सडपातळ, डोळ्यांवर केस आलेली मुलगी येऊन हे गाणं गाऊन गेली. भरतीचं गाणं रातोरात मुख्य झालं आणि पुढच्या काही महिन्यांत तबकडी लाखांच्या संख्येनं खपली. इटालियनमध्येही तिनं ते गायलं आणि तिथंही ते डोक्यावर घेतलं गेलं. १९६३ च्या मार्चमध्ये लंडनला झालेल्या युरोव्हिजन स्पर्धेत मोनाकोच्या वतीनं स्वतःचंच गाणं गाऊन ती पाचवी आली. फ्रान्सचा अधिकृत स्पर्धकही पाचवाच. दोघांचे गुण सारखे.

आता यातली मेख. ज्या ध्वनिमुद्रणानं तिला सगळं दिलं, ते तिला आवडत नव्हतं. पहिली चार गाणी काही तासांत उरकलेली, साथीचे वादक कामचलाऊ, ताल ठोकळ. ही तक्रार तिनं आयुष्यभर केली आणि ती विनय म्हणून नव्हती. डोक्यात ऐकू येणारं गाणं एक आणि तबकडीवर उमटलेलं दुसरंच, हा सल तिला एकोणिसाव्या वर्षापासून होता. म्हणूनच १९६४ पासून तिनं हट्टानं लंडनला जाऊन गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. चार्ल्स ब्लॅकवेल हा तिथला अरेंजर, म्हणजे वाद्यांची साथ बांधणारा. त्याच्या हाताखालची गाणी ऐकली की फरक लगेच कळतो. वाद्यं आवाजावर कुरघोडी करत नाहीत, त्याला जागा करून देतात. ‘दां ल मोंद आंतिये’चा इंग्रजी अवतार १९६५ मध्ये ब्रिटिश यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत गेला.

तिच्या मंच सोडण्याची कथा सगळे भीतीपासून सुरू करतात. माझ्या मते ती या तक्रारीपासून सुरू होते. जिला ध्वनिमुद्रणाबद्दल असा सल आहे, तिच्यासाठी तबकडी म्हणजे कार्यक्रमाची आठवण म्हणून घरी न्यायची वस्तू नव्हे. तिच्यासाठी गाणं तबकडीतच घडतं.

दार लावण्याची कारणं

भीती अर्थात होती. आवाज लहान, श्वास आखूड, शिक्षण नाही. मिरेई या जुन्या गायिकेच्या टीव्हीवरच्या गायनशाळेत ती गेली होती, पण गळा कमावला असं तिथं काही घडलं नाही. शेकडो लोकांपुढे दिवे अंगावर घेऊन उभं राहिलं की ती दगडासारखी थिजायची. समीक्षक त्यालाच ‘शैली’ म्हणायचे. दुसरं कारण दौऱ्यांचं. आज इटली, उद्या दक्षिण आफ्रिका, परवा लंडन. जिवाभावाचं माणूस पॅरिसमध्ये आणि आपण हॉटेलाच्या खोलीत. आधी छायाचित्रकार जाँ-मारी पेरिये आणि १९६७ पासून जाक द्युत्राँ. द्युत्राँ मुळात व्होगमध्येच नोकरीला होता. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या ‘ल तां द लामूर’ची चाल त्याचीच. नंतर तो स्वतःही मोठा गायक झाला.

तिसरं कारण कमी सांगितलं जातं. साठच्या दशकाच्या मध्यावर ती गायिकेपेक्षा प्रतिमा म्हणून जास्त विकली जात होती. कुरेज या फॅशनकाराचे पांढरे पोशाख, जॉन फ्रँकनहायमरच्या मोटारशर्यतीच्या चित्रपटात भूमिका, गोदारच्या चित्रपटात क्षणभर दर्शन, १९६४ च्या बॉब डिलनच्या तबकडीच्या मागच्या बाजूला तिला उद्देशून कविता. हे सगळं सुखावणारं खरं, पण यात गाणं कुठं होतं? मंचावर उभी राहिली की लोक आधी तो चेहरा पाहायला आलेले असत. तबकडीत चेहरा वेष्टनावर राहतो, आत फक्त आवाज असतो.

त्या काळात मंच सोडणारी ती एकटी नव्हती. पियानोवादक ग्लेन गूल्डनं १९६४ मध्ये मैफली सोडल्या आणि बीटल्सनी ऑगस्ट १९६६ मध्ये दौरे. पण ही तुलना फार ताणू नये. बीटल्सना काहीही काढलं तरी खपण्याची खात्री होती. गूल्डच्या पाठीशी तीनशे वर्षांचं तयार संगीत होतं. आर्दीकडे होता ‘ये-ये’ नावाच्या पोरवयाच्या लाटेचा शिक्का, आणि १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावरचे दगड उपटत असताना ती लाट ओसरलेली होती. त्या वर्षापर्यंत ती दरवर्षी एक मोठी तबकडी काढत आली होती. सात वर्षांत सात. पुढची कशाच्या जोरावर काढायची, याचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं.

व्यवहाराची बाजू तिनं थोडी आधीच हाताळली होती. आस्पारागस (म्हणजे शतावरीची भाजी) नावाची स्वतःची निर्मितीसंस्था काढून ध्वनिमुद्रण आपण करायचं आणि वितरण व्होगनं, अशी मांडणी होती. ती वादात मोडली. मग १९७० मध्ये इपोपोटाम, म्हणजे पाणघोडा. ही नवी संस्था, वितरणाला सोनोप्रेस. नावं गमतीची असली तरी मुद्दा गंभीर होता. स्टुडिओचे पैसे जो देतो, तो वादक निवडतो, वेळ ठरवतो आणि कुठलं गाणं घ्यायचं ते सांगतो. मंचाचं उत्पन्न सोडणाऱ्या बाईनं हा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला. हिशेबी माणूस असं करणार नाही. तिनं केलं, आणि त्यामुळेच १९७१ ची तबकडी होऊ शकली.

तूका

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ.

पॅरिसमधल्या एका ब्राझिलियन खाणावळीत तूका नावाची मुलगी गिटार घेऊन गायची. खरं नाव व्हालेनिझा झान्यी दा सिल्वा. जन्म १९४४ चा, म्हणजे आर्दीच्याच वयाची. एका ब्राझिलियन मैत्रिणीमुळे दोघींची गाठ पडली. तूकाचं एक गाणं आर्दीच्या मनात रुतून बसलं आणि तिथून पूर्ण तबकडीचा बेत ठरला.

काम कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. स्टुडिओत जाण्याआधी जवळजवळ महिनाभर तूका रोज आर्दीकडे यायची आणि दोघी गाणी बसवायच्या. पॉप गायकांच्या जगात ही चैन होती. तिथं गायक स्टुडिओत यायचा तेव्हा वाद्यांचा साचा आधीच भरलेला असायचा. कानांवर हेडफोन लावायचे, त्यावर आवाज चढवायचा आणि घरी जायचं. इथं उलटं झालं. आर्दीचा आवाज आणि तूकाची गिटार एकाच वेळी, समोरासमोर मुद्रित झाली. सोबत गी पेडरसनचा डबल बास. ताल धरायला ड्रम नाही, गिटारच. त्यामुळे गाणारीला श्वास घ्यावासा वाटला तर गिटार थांबते. आखूड श्वास हा दोष उरत नाही, तो लयीचाच भाग होतो. मंचावर जी गोष्ट तिला लाजवायची, ती इथं तिची खूण झाली.

मग त्या कोर्सिकाला सुट्टीवर गेल्या. मुद्रित झालेलं ऐकताना प्रश्न पडला, हे असंच ठेवावं की व्हायोलिनं जोडावीत? काही गाण्यांना जोडायचं ठरलं. तूका सुरावटी वाजवून दाखवायची, आर्दी हो-नाही म्हणायची. रेमाँ दोने यांनी त्या तंतुवाद्यांसाठी बांधल्या. परिणाम असा की व्हायोलिनं गाण्याला सजवत नाहीत. ती एखाद्या ओळीमागून उगवतात, जरा वेळ थांबतात आणि निघून जातात. नेहमीच्या पॉप तबकडीत व्हायोलिनं म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. इथं त्यांचा एकही सूर काढता येत नाही.

बारा गाणी आहेत. ‘शांसों दो’मध्ये शब्दांऐवजी नुसते स्वर. ‘मेर’ म्हणजे समुद्र, आणि त्यात विरून जाण्याची इच्छा. शेवटचं ‘रेव्ह’ हे ताइग्वारा या ब्राझिलियन गायकाच्या गाण्यावर आर्दीनं लिहिलेले शब्द. आणि ‘ला केस्त्यों’, म्हणजे प्रश्न. ज्या माणसाच्या सोबतीनं आयुष्य चाललं आहे तो कोण आहे, हेच कळत नाही. तो गप्प का, त्याला काय हवं, आणि तरी मी इथं का थांबले आहे? शब्द आर्दीचे, चाल तूकाची. द्युत्राँसोबतचा तिचा संसार त्याच्या दीर्घ गैरहजेऱ्यांनी भरलेला होता. पण गाण्यात तक्रारीचा सूर नाही. ‘तू ले गार्सों’मधली एकटी चालणारी मुलगी आठ-नऊ वर्षांनी जोडीदार मिळूनही एकटीच चालते आहे, असं हे दोन टोकांतलं अंतर.

मराठीत या गाण्यांसाठी एक नेमका शब्द आहे : हुरहूर. दुःख म्हणावं तर तितकं काही घडलेलं नाही. विरह म्हणावा तर माणूस घरातच आहे. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत ज्याला सौदाद म्हणतात ते याच्या शेजारचं काहीतरी. तूका ते घेऊन आली आणि आर्दीकडे तिचं स्वतःचं होतंच. फ्रेंचचा एक शब्द न कळणाऱ्या माणसालाही दिवेलागणीच्या वेळी ही तबकडी ऐकताना अर्थ विचारावासा वाटत नाही. भावगीतांवर वाढलेल्या कानाला तर तिची ठेवण परकी वाटायचंच कारण नाही. थोडकी साथ, शब्दाला धरून चालणारी चाल, आणि आवाज न चढवता सांगायचं ते सांगून टाकणं.

तबकडीवर मुळात नाव तेवढं होतं : फ्रान्स्वाझ आर्दी. तिच्या बऱ्याच तबकड्यांसारखीच हीही निनावी. ‘ला केस्त्यों’ हे नाव लोकांनी त्या गाण्यावरून पाडलं आणि तेच चिकटलं.

खप? पडला. ज्यांना ‘कोमां त दिर आद्यो’चा ठुमका हवा होता त्यांच्यासाठी यात काही नव्हतं, आणि ज्यांना हे आवडलं असतं ते आर्दीचं नाव पाहूनच पुढे गेले. ये-येची पोरगी, तिचं काय ऐकायचं! मंच असता तर कदाचित फरक पडला असता. एखाद्या लहान नाट्यगृहात दोघी बायका, एक गिटार, महिनाभर रोज रात्री. गाणं कानोकानी पसरायला हाच रस्ता असतो. तो तिनं स्वतःच बंद केला होता. ज्या निर्णयानं ही तबकडी घडू दिली, त्याच निर्णयानं ती लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट अडवली. हा या प्रकरणातला खरा पेच, आणि तो तिला कधीच सोडवता आला नाही. तबकडीला आपली माणसं मिळाली, पण वीस-पंचवीस वर्षांनी, आणि त्यांतली पुष्कळशी फ्रान्सबाहेरची. तूका ते पाहायला नव्हती. ती १९७८ मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी गेली.

चाल कोण देणार

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो, कारण तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो. आर्दी शब्द लिहायची. चाली तिनं सुरुवातीला भरपूर केल्या, पण हळूहळू दुसऱ्यांकडून घेऊ लागली. तिची खरी करामत निवडीत होती. कुणाची चाल आपल्या आवाजाला उजळवेल हे तिला अचूक कळायचं. मंच सोडल्यावर हीच तिची मुख्य कला झाली.

१९७२ ला लंडनमध्ये इंग्रजी गाण्यांची एक तबकडी झाली. त्या सुमारास निक ड्रेक हा अबोल इंग्रज गायक तिच्यासाठी गाणी लिहील अशी बोलणी चालली होती. तो स्टुडिओत येऊन बसायचा आणि बोलायचा नाही. तीही फारशी बोलकी नव्हे. गाणी झाली नाहीत. दोन मुखदुर्बळ माणसांच्या मध्ये एखादी तूका हवी होती.

१९७३ च्या जूनमध्ये मुलगा तोमा झाला आणि त्याच वर्षी मिशेल बेर्जे हा गीतकार-संगीतकार भेटला. ‘मेसाज पेर्सोनेल’मध्ये आधी आर्दी नुसती बोलते, टेलिफोनवर बोलावं तशी. ते शब्द तिचे. मग बेर्जेचं गाणं सुरू होतं. पाच वर्षं दाराआड राहिलेली गायिका या एका गाण्यानं पुन्हा घराघरांत गेली, आणि तेही एक पाऊल मंचावर न टाकता. बोलण्याची ही युक्ती तबकडीची आहे. ओठ मायक्रोफोनला लागतील इतक्या जवळून बोललेलं नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला पोहोचत नाही, घरात एकट्या बसलेल्या माणसाला मात्र पोहोचतं.

पुढच्याच वर्षी तिनं ‘आंत्राक्त’ काढली. एका अनोळखी पुरुषासोबतच्या एका रात्रीची गोष्ट सलग गाण्यांतून. विकली गेली नाही. नंतर तीन वर्षं काही नाही. १९७७ पासून गॅब्रिएल यारेदसोबतच्या तबकड्या आल्या. हा लेबनॉनचा संगीतकार पुढे ‘द इंग्लिश पेशंट’साठी ऑस्कर घेऊन गेला. या काळातली तिची गाणी जरा नाचरी आहेत. ‘जेकूत द ला म्युझिक सूल’ तर क्लबांतून वाजायचं. चांगली गाणी आहेत, पण माझा हात त्या तबकड्यांकडे क्वचित जातो. यारेदची कारागिरी इतकी गुळगुळीत की आर्दीचा आवाज त्यावरून घसरतो.

१९८२ नंतर पुढची मोठी तबकडी थेट १९८८ मध्ये, ‘देकालाज’. ही शेवटची, असं तिनं जाहीर केलं. त्यातल्या ‘पार्तिर कां मेम’ची चाल द्युत्राँची. मग आठ वर्षं स्वतःची तबकडी नाही. या वर्षांत ती ज्योतिषावर लिहीत-बोलत होती, रेडिओवर कार्यक्रम करत होती. हा तिचा छंद नव्हता, तिनं त्याचा रीतसर अभ्यास केला होता. दुसऱ्यांसाठी शब्दही लिहीत होती. ज्युलियाँ क्लेरनं १९९० मध्ये गाजवलेलं ‘फे-म्वा युन प्लास’ तिचंच.

या मोकळ्या वर्षांकडे मी निर्णयाची किंमत म्हणून पाहतो. मंचावर गाणारा माणूस नवी चाल मिळो न मिळो, जुनी गाणी घेऊन उभा राहू शकतो. त्याचा गळा चालता राहतो, लोकांशी धागा राहतो, पैसे येतात. फक्त तबकडी हेच ज्याचं काम, त्याला योग्य चाल मिळाली नाही तर तो गायक उरतच नाही. आर्दी सहा-सहा, आठ-आठ वर्षं गायिका नव्हती. तिला त्याचं फारसं काही वाटायचं नाही असं ती म्हणायची. ते मी पुरतं खरं मानत नाही.

कारण ‘शेवटची’ म्हणून सांगितल्यानंतरही ती परतली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ब्लर या तरुण ब्रिटिश गटानं त्यांच्या एका गाण्याच्या फ्रेंच अवतारासाठी तिला बोलावलं. १९९६ मध्ये ‘ल दांजे’ आली. आलँ ल्युब्रानो आणि रोदोल्फ ब्युर्जेसोबत केलेली, खरखरीत विजेच्या गिटारींची. बावन्न वर्षांची बाई, तोच लहान आवाज, भोवती गोंगाट, आणि तरी आवाज न चढवता ती त्यात उभी. ‘ला केस्त्यों’खालोखाल मी हिला मानतो. हीही फारशी खपली नाही.

२००० च्या ‘क्लेर-ऑब्स्क्युर’वर तिनं द्युत्राँसोबत एक जुनं गाणं गायलं. दोघांचं लग्न १९८१ चं, तोवर ते वेगळे राहू लागले होते आणि वेगळं राहूनही नवरा-बायको होते. २००४ मध्ये तिला लसीकाग्रंथींचा कर्करोग असल्याचं निदान झालं. त्याच वर्षी ‘तां द बेल शोझ’ आली. शीर्षकगीत मृत्यूनंतर मागे उरणाऱ्यांशी, विशेषतः मुलाशी बोलतं, असं ऐकताना वाटतं. २००५ मध्ये व्हिक्त्वार द ला म्युझिक या फ्रान्सच्या संगीत पुरस्कारांत ती वर्षातली सर्वोत्तम गायिका ठरली. त्याआधीच्या छत्तीस-सदतीस वर्षांत तिनं एकही दौरा केलेला नव्हता.

शेवटची तबकडी

२०१५ मध्ये ती कोमात गेली होती. त्यातून उठली, आणि आता गाणं संपलं असं स्वतःच धरून चालली. मग एरिक बेंझी या संगीतकाराच्या चाली कानावर आल्या आणि २०१८ मध्ये ‘पेर्सोन दोत्र’ झाली. चालीच पुन्हा निमित्त. त्यातलं ‘ल लार्ज’ ला ग्रांद सोफी या गायिकेनं तिच्यासाठी लिहिलं. खुल्या समुद्राकडे निघण्याचं गाणं. आवाजात वय आहे, पण श्वास तुटतो तिथंच ओळ तुटते, १९७१ सारखीच. ही सवय लावणारी तूका जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

त्यानंतर कर्करोग घशाशी आला. किरणोपचारांनी तोंड कोरडं पडलं, गिळणं अवघड झालं, आणि आता गाता येत नाही हे तिनं सांगून टाकलं. वेदना सोसणाऱ्या माणसाला स्वेच्छेनं मरता यावं यासाठी ती जाहीरपणे बोलत राहिली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांना तिनं याच विषयावर पत्र लिहिलं. त्याच वर्षी रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकानं जगातल्या दोनशे थोर गायकांची यादी केली, तीत तिचं नाव १६२ वं होतं. फ्रान्सचं दुसरं कुणी त्या यादीत नव्हतं. असल्या याद्यांना किती किंमत द्यायची हे ज्याचं त्यानं ठरवावं. एदित पिआफसारखी फ्रेंच गायिका नसलेली यादी मी तरी गंभीरपणे घेत नाही.

११ जून २०२४ ला ती गेली. तोमानं तिच्यासोबतचं आपलं लहानपणीचं छायाचित्र टाकून तीन शब्द लिहिले : आई निघून गेली. मोठे गायक थकले की निरोपाचा दौरा काढतात. तिकिटं संपतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आर्दीचा तसला कार्यक्रम १९६८ मध्येच होऊन गेला होता, आणि त्या संध्याकाळी समोर बसलेल्यांना तो निरोपाचा आहे हे ठाऊकही नव्हतं.